शालीत बांधलेले फुटबॉल

मी अंबडच्या कोर्टात बेलिफ आहे. ज्याला जो कागद नको असतो तो त्याच्या हातात नेऊन द्यायचा, हे माझं काम. वाटणीचं समन्स, पोटगीची नोटीस, जप्तीचा हुकूम, सगळं पोचवून झालंय. अंगावर कुत्री सोडून घेतलीत. वडीगोद्रीच्या एका म्हातारीनं आधी माझ्याकडून नोटीस वाचून घेतली, मग ताक पाजलं आणि रिकामा तांब्या उचलता उचलता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात रागावण्यासारखं काही नसतं. कागद कुणाचा आणि शिव्या कुणाला, हे ज्याला वेगळं ठेवता येतं त्यानंच हे काम करावं. मला ते येतं, असं मी समजत होतो.

पण एक निरोप असा निघाला की त्याला कागदसुद्धा लागणार नव्हता, आणि तो मी कितीतरी दिवस पोचवला नाही. ‘उस्ताद, क्लबानं तुम्हाला काढलंय.’ एवढाच निरोप.

हे लिहू नका, असं मला दोघातिघांनी सांगून पाहिलं. झालं गेलं, गाव लहान, रोज एकमेकांची तोंडं दिसतात. रोज तोंडं दिसतात म्हणूनच लिहितो आहे.

अंबडला फुटबॉलचा क्लब आहे म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. हसू द्या. मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, मागं जी उघडी जागा आहे, जिथं हंगामात कापसाच्या गाड्या वळतात, तिथं माझ्या बापाच्या वयाची माणसंही खेळलेली आहेत. जमीन अशी की पडलं तर गुडघा सोलून निघतो. जिल्ह्याची स्पर्धा हिवाळ्यात सुरू होते आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चालते. वरचा गट आणि खालचा गट. वरच्या गटात जो तळाला राहील, तो पुढच्या वर्षी खाली. आमच्या क्लबानं जिंकलं फारसं काही नव्हतं, पण तो कधी खालीही गेला नव्हता, आणि तेवढ्यावर आम्ही छाती काढून चालायचो.

उस्ताद म्हणजे आमचे कोच. स्टँडजवळ त्यांचं मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी, वॉर्निशचा वास. मूळचे टेंभुर्णीचे, तरुणपणी इथं आले ते इथलेच झाले. मोटार दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे उस्ताद म्हणतातच, त्यामुळे मैदानावरही तेच नाव चाललं. मी त्यांच्या हाताखाली लेफ्ट बॅक खेळलो. वाईट खेळलो. माझ्या बाजूनं गोल झाला की ते ओरडायचे, “अरे तू काय पाहुण्याला वाट दाखवून राह्यला का?” पुढे पोट सुटलं, खेळ सुटला, आणि त्यांनीच मला क्लबाचा सेक्रेटरी केलं. म्हणाले, “तुला पळता येत न्हाई, पण तू भांडत बी न्हाई. सेक्रेटरीला एवढं बस हाय.”

भांडत नाही. ही माझी गावातली ओळख. त्याचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

गेल्या हंगामात आम्ही हरत गेलो. आधी थोडक्यात हरायचो, मग सरळसरळ. यात उस्तादांचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांना एकच खेळ येत होता. मागून चेंडू उचलायचा आणि लांब पुढं मारायचा, पुढच्यानं पळत सुटायचं. ज्या काळी समोरचे संघ असेच खेळायचे तेव्हा ते चाललं. आता जालन्याची पोरं लहान लहान पास देत आमच्यामधून अशी जायची, जशी बाजारच्या दिवशी सायकल जाते. मी एकदा भीत भीत म्हणालो, “उस्ताद, मधली दोन माणसं बदलून बघायची का?” ते म्हणाले, “तू नोटिशी वाट.” कुणाचं ऐकायचे नाहीत. पोरांना आईवरून शिव्या द्यायचे आणि नंतर त्याच पोरांना स्वतःच्या खर्चानं मिसळ खाऊ घालायचे. हंगाम संपत आला, थोडेच सामने उरले, आणि आम्ही तळाला.

अध्यक्षांनी कमिटीची बैठक आपल्या दुकानात बोलावली. अध्यक्ष म्हणजे आमचे अण्णा, बी-बियाण्याचे व्यापारी, मोठा आवाज, मोठा जीव. आम्ही बियाण्याच्या थैल्यांवर बसलो. चहा आला, मग दुसऱ्यांदा चहा आला, कारण विषय काढायचा कुणी हे ठरत नव्हतं.

शेवटी अण्णाच म्हणाले, “म्हातारा माणूस चांगला हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पण गट गेला ना, तर जालन्यात गेल्यावर मला लोक विचारतील, काय अण्णा, तळघरात कसं वाटून राह्यलं?”

“आता बदलून काय होणार? हंगाम तर संपला,” एकजण म्हणाला.

“संपला न्हाई म्हणूनच बोलतो. दवाखान्यात माणूस जिता असताना नेतात का मेल्यावर?” अण्णा म्हणाले. संभाजीनगरचा एक पोरगा होता, कोचिंगचा कोर्स केलेला. तो यायला तयार होता. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा.

माझा हात वर गेला. कुणाच्या दबावानं नाही, अण्णांच्या भीतीनं नाही. मला वाटत होतं की उस्तादांना बदलायला हवं, म्हणून वर केला. त्या हाताबद्दल मला आजही काही वाटत नाही. कोच हरत राहिला तर त्याला काढतात. जगभर काढतात, अंबडलाही काढावा.

माझं पाप पुढचं आहे.

हात खाली आले तसा अण्णांनी मोबाइल काढला. “लावतोच फोन. सरळ सांगतो, उस्ताद, बास झालं. शिव्या देतील त्या खाऊन घेतो. संध्याकाळच्या आत मामला साफ.”

ते खरंच लावत होते. त्यांचा अंगठा बटणावर होता. आणि मी, जो बैठकीत कधी तोंड उघडत नाही, तो मी म्हणालो, “अण्णा, असं नको. त्यांचं वय हाय, मान हाय. आपण त्यांचा सत्कार करू.”

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. कशी सुटका झाली! अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “बेलिफ, तू बोलत न्हाईस पण बोलतो तेव्हा लाखाचं बोलतो.”

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे कुणाला काढत नाहीत. सत्कार करतात. पतसंस्थेच्या ज्या चेअरमनला झोप आवरत नव्हती त्याचा सत्कार झाला. भजनी मंडळातल्या ज्या पेटीवाल्याची बोटं वळत नव्हती त्याचाही झाला. शाल, श्रीफळ, फेटा, दोन भाषणं, आणि शेवटी ‘यापुढेही त्यांचं मार्गदर्शन आम्हाला लाभत राहो’. हे वाक्य आलं की माणूस काय ते समजतो, नारळ घेऊन घरी जातो, बायको नारळाच्या वड्या करते, आणि कुणालाच कुणाशी वाईट बोलावं लागत नाही. मी असे कितीतरी सत्कार पाहिलेत, टाळ्या वाजवल्यात. मला ती रीत सभ्य वाटायची.

शाल मीच आणली. तपकिरी, काठाला जर असलेली. रविवारी सकाळी मैदानावरच कार्यक्रम झाला. भाषण मी केलं, कारण कल्पना माझी. उस्तादांनी क्लबासाठी काय काय केलं ते सगळं बोललो, आणि ते सगळं खरं होतं. मग ते वाक्य म्हणालो. अण्णांनी फेटा बांधला, फोटो निघाला, स्थानिक पेपरात आलाही.

उस्ताद खुर्चीवरून उठले. शालीची घडी घातली, नारळ बगलेत धरला, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “उद्या गोलीला चेंडू अडवायच्या सरावाला जरा लवकर बोलावलंय. तू सामानाच्या खोलीची चावी आणशील न्हवं?”

मी म्हणालो, “आणतो ना, उस्ताद.”

दुसऱ्या दिवशी नवा कोच आलेला. तरतरीत मुलगा, गळ्यात शिट्टी, हातात प्लास्टिकचे रंगीत कोन. तो कोन मांडत होता आणि तेवढ्यात मोपेडवरून उस्ताद आले. आमची चेंडूंची जाळी कधीचीच फाटलेली होती, पोरं चेंडू पोत्यात आणायची. त्या दिवशी उस्तादांच्या मागच्या सीटवर एक तपकिरी गाठोडं होतं, जरीकाठाचं. त्यांनी ते मैदानाच्या मध्ये आणून ठेवलं, गाठ सोडली, आणि चेंडू चारी बाजूंना घरंगळत गेले. मग शाल झटकली आणि तिनंच एकेक चेंडू पुसायला लागले.

नव्या कोचनं मला विचारलं, “काका, हे कोण?”

“आमचे मार्गदर्शक.”

“मग मी?”

“तुम्ही कोच.”

“त्यांना माहीत आहे?”

“हो,” मी म्हणालो.

एवढं सरळ खोटं मी कोर्टाच्या कागदावर आयुष्यात लिहिलेलं नाही.

उस्तादांनी त्या मुलाकडे पाहिलं, कोनांकडे पाहिलं. “हे काय, रस्त्याचं काम निघालं का?” म्हणाले. पोरं हसली. मुलगाही हसला, त्याला राग आला नाही, आणि त्यानं बिचाऱ्यानं आपलं शिकवणं सुरू केलं. एका अर्ध्या मैदानावर तो, दुसऱ्यावर उस्ताद.

अण्णांचा फोन आला. “अरे, म्हातारा येऊनच राह्यला म्हणे. समजलं न्हाई का त्याला?”

“समजलं नसंल.”

“मंग आता तू सांग. कल्पना तुझी व्हती. तुझंच तर काम हाय असलं सांगायचं.”

मी दुकानात गेलो. उस्ताद एका मोटारीत तार भरत होते. “ये बेलिफ,” म्हणाले, “च्या सांग दोन.” चहा प्यायलो. टेंभुर्णीच्या त्यांच्या भावाच्या शेताबद्दल बोललो, जालन्याच्या रस्त्याबद्दल बोललो, गोलीच्या गुडघ्याबद्दल बोललो. कप खाली ठेवला आणि निघालो. अण्णांनी विचारलं तेव्हा सांगितलं, “दुकानात नव्हते.”

नोकरीत माणूस सापडला नाही की आम्ही लिहितो, ‘सदर इसम मिळून आला नाही’. काही बेलिफ दारापर्यंत न जाताच ते लिहितात. मी त्यांना नावं ठेवायचो. आणि आता मी ज्या माणसाचा चहा पिऊन आलो तो मला मिळून आला नव्हता. असं एकदा नाही झालं. दर वेळी मी गेलो, दर वेळी चहा झाला, दर वेळी अण्णांना काहीतरी नवं सांगितलं. गावाला गेले. गिऱ्हाईक होतं. मूड बराबर नव्हता.

टेंभुर्णीच्या संघाशी सामना आमच्या मैदानावर झाला. तो जिंकला असता तर आम्ही तिथंच वाचलो असतो. नवा कोच एका बाजूच्या दोरीजवळ, उस्ताद दुसऱ्या बाजूला, शाल खांद्यावर. मुलगा ओरडायचा, “पास! खाली ठेवा चेंडू! खाली!” समोरून उस्ताद, “मार! उचलून मार, तुझ्या...” पोरांची तोंडं टेनिस बघणाऱ्यांसारखी इकडून तिकडे फिरायला लागली. आमचा गोली मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, शांत डोक्याचा माणूस. चेंडू त्याच्याकडे आला, एक आवाज म्हणाला पुढं ये, दुसरा म्हणाला मागं थांब, आणि तो मधेच उभा राहिला. चेंडू त्याच्या डोक्यावरून हळूच, टप्पा घेऊन, जाळ्यात गेला. टेंभुर्णीची माणसंसुद्धा क्षणभर ओरडायची विसरली.

सामना संपल्यावर गोली हातमोजे काढत माझ्याकडे आला. “सेक्रेटरी, मला हरल्याचं काही न्हाई. फक्त एवढं सांगा, ऐकायचं कुणाचं?”

“नव्या सरांचं.”

“मंग उस्तादांना तसं कुणी बोललंय का?”

मी चावी शोधत राहिलो. चावी माझ्या हातातच होती.

“बरं,” गोली म्हणाला, “म्हणजे न्हाई.” आणि गेला.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. ती सहसा क्लबाच्या गोष्टीत पडत नाही. “अहो, त्या म्हाताऱ्याला सांगून का टाकत नाही?”

“वाईट वाटंल त्यांना.”

“त्यांना की तुम्हाला?” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात त्या बाईला घर खाली करायची नोटीस देऊन आलात. कडेवर लेकरू होतं म्हणालात. तिला दिलीत की. ती तुमची कुणी नव्हती म्हणून दिलीत. ओळखीच्याला द्यायची वेळ आली की तुमचा हात लुळा पडतो.”

भाकरी गिळली. मी खरंच उस्तादांना वाचवत नव्हतो. माझ्याबद्दलचं त्यांचं मत वाचवत होतो.

वडीगोद्रीविरुद्धचा शेवटचा सामना उरला होता. जिंकलो तर वर, नाहीतर खाली. त्याच्या आधी मी दुपारी कोर्टातून निघालो तो सरळ स्टँडवर. या वेळी दुकानाच्या आत गेलो नाही. पायरीच्या खाली उभा राहिलो, जसा कामावर असताना राहतो. पायरीच्या आत गेलं की चहा होतो.

उस्तादांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय रे, वॉरंट आणलं का?”

“उस्ताद,” मी म्हणालो, आणि आवाज माझा राहिला नाही, नोकरीतला झाला. मला दुसरा आवाजच सापडला नाही. “क्लबानं तुम्हाला कोच पदावरून काढलंय. तो सत्कार त्यासाठीच व्हता. मी हात वर केल्ता.”

त्यांच्या हातात तार होती. वेटोळं पूर्ण केलं, टोक पिळलं, पक्कडीनं कापलं. दुकानात एक शेतकरी मोटार न्यायला आलेला होता, तो उगाच बाहेरच्या बसकडे बघायला लागला.

“हात वर केला ते ठीक हाय,” उस्ताद म्हणाले. “सत्काराची अक्कल कुणाची? अण्णाची न्हाई. अण्णा असता तर फोनवर भांडून मोकळा झाला असता.”

“माझी.”

“मला वाटलंच व्हतं.”

“तुम्हाला समजलं व्हतं?”

“त्याच दिवशी. मी बी ह्याच गावात राहतो न्हवं का? त्या पेटीवाल्याच्या सत्काराला टाळ्या म्या बी वाजवल्यात.”

“मंग रोज येत का राह्यले?”

उस्तादांचा आवाज पहिल्यांदा चढला. शेतकरी दचकला. “का म्हंजे? इशाऱ्यावर उठायला मी काय पंगतीतला पाहुणा हाय? काढायचं तर म्हणायचं, उस्ताद, चालते व्हा! मी शिव्या दिल्या असत्या, तुम्ही खाल्ल्या असत्या, आन् मी गेलो असतो. तोंडानं कुणी बोललं न्हाई तवर मी कोच हाय. शाल काय बोलती का?” मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “आन् तू. तू इथं बसून च्या पीत राह्यला. दर बारीला मला वाटायचं, आता बोलंल. पोरगं खेळात भित्रं व्हतं, ठीक हाय. पण म्हटलं, एवढं तरी बोलंल.”



ते आत गेले. चेंडूंचं गाठोडं कोपऱ्यात होतं. त्यांनी गाठ सोडली, चेंडू एका रिकाम्या पोत्यात भरले आणि पोतं पायरीवर ठेवलं. शाल झटकली. तिच्यावर मैदानाची लाल धूळ, वॉर्निशचे डाग, जर अर्धी उसवलेली. “बॉल क्लबाचे,” ते म्हणाले. “शाल ज्याची त्याला.” आणि माझ्या हातात दिली.

मी माफी मागितली नाही. बायकोला हे पटत नाही, पण मी मागितली नाही आणि मागणारही नाही. मी माफी मागितली असती तर उस्तादांना ‘असू दे रे’ म्हणावं लागलं असतं. म्हणजे त्यांनाच पुन्हा माझी सोय करावी लागली असती. ती दुसरी शाल झाली असती.

उस्तादांना सांगितलं आणि ते आले नाहीत. वडीगोद्रीच्या सामन्याला अर्धं गाव होतं, ते नव्हते. दोरीच्या एका बाजूनंच आवाज येत होता आणि पोरं त्या दिवशी हंगामात पहिल्यांदा बरी खेळली. लहान लहान पास, नव्या कोचनं शिकवलेले. गोलीनं दोन चेंडू असे अडवले की लोक उभे राहिले. सामना बरोबरीत सुटला. बरोबरी पुरणार नव्हती. तो संभाजीनगरचा मुलगा आपले कोन एकात एक घालत होता आणि ते नीट बसत नव्हते. मी जाऊन त्याला मदत केली. “काका,” तो म्हणाला, “अजून थोडे दिवस मिळायला पाहिजे होते.” मिळाले असते. ते दिवस मी चहात घालवले होते.

क्लबाच्या वार्षिक सभेत अण्णांनी नशिबाचं भाषण केलं. रेफ्री, ऊन, गोलीचा गुडघा. मी उठलो. मी उठलो याचंच लोकांना आश्चर्य वाटलं. म्हणालो, गट नशिबानं गेला नाही. एका संघाला दोन कोच होते म्हणून गेला, आणि दोन होते कारण पहिल्याला काढलंय असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सत्काराची कल्पना माझी होती. सांगायचं काम माझ्यावर होतं, आणि मी अण्णांना खोटं सांगत राहिलो. ते नव्हते असं म्हणालो तेव्हा ते होते. पुढे म्हणालो, यापुढे या क्लबात कुणालाही काढायचं असेल तर तोंडावर काढायचं, असा ठराव करा.

कुणी टाळी वाजवली नाही. एकजण म्हणाला, “बेलिफ, घरी काही झालंय का?” अण्णा लाल झाले. “तू मला खोटं सांगितलं ते ठीक, पण चारचौघांत कशाला?” ठराव कुणी मांडला नाही.

मग काही दिवसांनी अण्णांचा निरोप आला. क्लबाच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल सेक्रेटरीचा सत्कार करायचं ठरलंय. रविवारी, मैदानावर.

मी बायकोला सांगितलं. ती हसायला लागली ती थांबेना. मीही हसलो.

खुंटीवर उस्तादांची शाल होती. धुवायला मी देत नव्हतो. रविवारी तीच खांद्यावर टाकून गेलो, तशीच, धुळीसकट. मंडपात खुर्च्या, टेबलावर नारळ, नव्या शालीचा बॉक्स. भाषण झालं. ‘यापुढेही त्यांचं मार्गदर्शन’ आलं. अण्णा नवी शाल उलगडून माझ्याकडे आले आणि माझ्या खांद्यावर जागा नाही हे त्यांना दिसलं.

“ही कुठली?” ते पुटपुटले.

“आहे माझ्याकडे, अण्णा. दुसरी कशाला?” मी माइक घेतला. या वेळी आवाज माझाच होता. “ही नवी शाल म्हंजे मला काढलंय. बराबर? तर तोंडानं म्हणा. तुम्ही म्हणू शकता, अण्णा. तुम्ही तर त्या दिवशी फोन लावतच व्हते. मीच हात धरला तुमचा. आता धरत न्हाई. म्हणा, सेक्रेटरी, चालते व्हा. मी इथनंच चावी देतो आन् जातो.”

अण्णांचं तोंड उघडलं. मी मनापासून वाट पाहिली. या माणसाला सरळ बोलता येत होतं. त्याला आडवळण मी शिकवलं होतं, आणि त्यानं ते सोडावं अशी माझी खरोखर इच्छा होती. ते इकडे तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अहो, काय बोलून राह्यले तुम्ही! काढायचं कोण म्हणतंय? मान हाय तुमचा.”

अण्णा मला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाले.

“बरं,” मी म्हणालो. “मंग उद्या भेटू.” नारळ तेवढा घेतला. नारळाचा काय दोष?

मंडपातून निघालो तो सरळ दुकानात. उस्तादांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. “म्हणाला न्हाई ना?” “न्हाई.” “मंग जा की उद्या.” नारळ त्यांनीच पक्कडीनं फोडला आणि खोबरं दोघांनी खाल्लं. मैदानावर मात्र ते आलेले नाहीत. पोरं दोनदा बोलवायला गेली, गोली गेला. “मला सांगितलंय,” एवढंच म्हणतात. “सांगितलेल्या माणसानं जायचं नसतं.”

आता आम्ही खालच्या गटात खेळतो. कोच तोच संभाजीनगरचा मुलगा आहे, आणि हरला तर त्याला काढतील. पण माझ्यासमोर काढावं लागेल आणि शब्दांनी काढावं लागेल, हे मी त्याला नव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. अण्णा मला पाहून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जातात. कमिटीतला एकजण परवा म्हणाला, “सेक्रेटरी, किती दिवस असं चिकटून राहणार? लाज वाटत न्हाई?”

“वाटते,” मी म्हणालो. “ज्याची वाटायची त्याची वाटते. ह्याची न्हाई. तुम्हाला नको असलो तर दोन शब्द लागतात. म्हणा.”

तो बुटाची लेस बांधायला वाकला.

पोरं हाका मारत होती. मी सामानाची खोली उघडली, शाल जमिनीवर पसरली, चेंडू तिच्यात ठेवले, चारी टोकं ओढून गाठ मारली आणि गाठोडं खांद्यावर टाकून मैदानात गेलो.